काळोख सेनेचा कमांडर

सावळीरामने आयुष्यात एकच सिनेमा काढला आणि त्यात अतिरेक्यांचा म्होरक्या म्हणून झिपरूला उभं केलं. झिपरूने मात्र सुरगाण्याकडच्या आपल्या गावात ठोकून दिलं, की सिनेमात मी पोलीस इन्स्पेक्टर आहे, हिरोच म्हणा ना. खात्री करायला एकलहऱ्याच्या वीज केंद्रावर कोण येतंय! थाप पचली. झिपरू गेला तरी ती पचलेलीच होती. आणि वर्ष भरत आलं तेव्हा त्याच्या मुलीचा, मीनाचा, सावळीरामला फोन आला.

"काका, बाबांचा आवाज आमच्याकडं कुठंच नाय. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा. आई म्हणती, भाऊंकडं तो पिच्चर हाय. वर्षाच्या कार्याला घेऊन याल का? बाबा इन्स्पेक्टर झालेले तिला एकदा बघायचेत."

"बघतो, टेप चालते का," एवढंच बोलून सावळीरामने फोन ठेवला.

मुलगा योगेश तसा व्यवहारी. त्याने टेप दुकानात नेऊन पेन ड्राइव्हवर उतरवून आणली आणि सल्लाही दिला. "पप्पा, टेप खराब झाली म्हणून सांगा. उगाच गेलेल्या माणसाची लाज कशाला काढायची?" बोलणं खोटं नव्हतं. पण खराब झाली म्हणायचं, तर भिमाबाईला नवऱ्याचा आवाज उभ्या जन्मात ऐकायला मिळणार नव्हता. सावळीराम दोन्हीकडून अडकला.

त्याला ते दिवस आठवले. लोडशेडिंगचे दिवस. सावळीराम वीज केंद्रात कंट्रोल रूमला होता आणि झिपरू ठेकेदाराकडून जळलेल्या कोळशाची राख उपसायच्या कामावर. एक खुर्चीवरचा, एक फावड्यावरचा, पण चहाच्या टपरीवर दोघांची अशी गट्टी जमली, की लोकांना नवल वाटायचं. तेव्हा देशात कुठे ना कुठे स्फोट व्हायचे. केंद्राच्या गेटवर बंदूकवाले पहारेकरी आले आणि जेवणाचे डबे उघडून बघू लागले. घरून निघताना बायको दारात जरा जास्तच वेळ उभी राहायची. भीती सगळ्यांनाच वाटत होती, बोलत कोणी नव्हतं. सावळीराम रोज भेंडीच्या भाजीची झडती देऊन वैतागला आणि एक दिवस म्हणाला, "या भीतीवर हसलं पाहिजे राव, नाहीतर ती आपल्याला खाईल."

त्यातून निघाली काळोख सेना. या सेनेला ना जात ना धर्म. एकच ध्येय, सगळ्या महाराष्ट्रात अंधार करायचा. त्यासाठी वीज केंद्र उडवायला कमांडर येतो आणि बघतो तर काय, गावोगाव आधीच अंधार! "आपलं काम दुसरंच कोणीतरी करून गेलंय," म्हणत तो कपाळाला हात लावतो. तरी हट्टाने बॉम्ब लावतो, तर बॉम्ब निघतो प्लगवर चालणारा. पिन खोचली, की लाइट जाते. कमांडर तक्रार द्यायला वीज कार्यालयात जातो. तिथला कारकून त्याला विचारतो, "मागचं बिल भरलंय का?"

पैसा कुणाकडे होता? कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा, उसना. कमांडरची दाढी नारळाच्या काथ्याची, डिंकाने चिकटवलेली. आणि गंमत अशी, की अंधाराचा सीन घ्यायचा तर केंद्राच्या कॉलनीत लाइट जातच नव्हती. मग अख्ख्या बिल्डिंगने ठरवून मेन स्विच बंद केले. फक्त वरच्या मजल्यावरच्या सविताकाकू मालिका सोडायला तयार होईनात, म्हणून सिनेमातल्या गडद काळोखात एक खिडकी निळी निळी दिसते. कसले दिवस होते ते! माणसं घामाघूम होऊन, पोट धरून हसायची. आता त्या कॉलनीतल्या निम्म्या क्वार्टरला कुलपं आहेत आणि सावळीरामला तिकडून जावंसंच वाटत नाही.

शेवटी तो योगेशची गाडी घेऊन सुरगाण्याला निघाला. टेपचं काय सांगायचं, हे वाटेतही ठरलं नव्हतं. जेवणावळ उरकली, नागलीची भाकरी खाऊन माणसं सुस्तावली, आणि भिमाबाई त्याच्यापुढे येऊन बसली. लहानखुरी बाई, नवं लुगडं नेसलेली.

"आणलाय का भाऊ?"

सावळीरामच्या ओठावर 'खराब झाली' आलं होतं. त्या बाईच्या तोंडाकडे बघून ते गिळावं लागलं. "आणलाय वहिनी. पण झिपरू त्यात... जरा वेगळा आहे."

"वेगळा म्हंजी? असंल तसा दाखवा."

भरदुपारी दार लोटून टीव्ही लावला. पहिल्याच दृश्यात काथ्याची दाढी, डोक्याला काळं फडकं, हातात लाकडी बंदूक घेऊन झिपरू गरजला, "अंधार करा!" मागून कुणीतरी विचारलं, "इन्स्पेक्टर कुठं हाय?" मीनाने मान खाली घातली. सावळीरामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भिमाबाई डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.

मग प्लगचा बॉम्ब आला. एक म्हातारा फिस्सकन हसला. बिलाचं विचारलं तेव्हा हसू घरभर पसरलं, मीनासुद्धा पदरात तोंड खुपसून हसली. शेवटी खरं तर कमांडरला अटक व्हायची होती, पण झिपरूने ऐन वेळी मनाचंच बोलून टाकलं होतं. "राहू द्या तुमचा बॉम्ब. आवणी आलीय, भात लावायचा हाय. मी चाललो घरी." बंदूक टाकून कमांडर निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिमाबाई मात्र हसली नव्हती.

सिनेमा संपला, असं सावळीरामलाही वाटलं. पण टेपवरून उतरवलेलं चित्रण पुढे चालूच होतं. कंट्रोल रूममध्ये जन्म काढलेला माणूस, चालू यंत्र बंद करायचं त्याच्या जिवावर यायचं. तेव्हा 'कट' म्हणूनही त्याने कॅमेरा तसाच ठेवला होता.

पडद्यावर झिपरू परत आला. दाढी ओढून काढताना "आई गं" म्हणाला. हनुवटी लालेलाल, तोंडभर हसू, घरचा झिपरू. कॅमेऱ्याकडे वाकून तो बोलला, "भाऊ, हे आमच्या भिमीला दाखवू नका हां. तिला इन्स्पेक्टर सांगितलंय. लय हसंल मला."

सावळीरामने घाईने रिमोट शोधला, पण भिमाबाई उठून टीव्हीपुढे गेली होती. तिने त्या लाल हनुवटीवर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते कळेना, आणि मग कळलं, की दोन्ही.

"दाखवला रं, भाऊनं दाखवला मला," ती म्हणाली. "आता ये भांडायला."