लाभाचं पोतं

भैरवीनं आणलेला डबा दिसायला अगदीच किरकोळ होता. एका अंगानं वजनकाट्याची सिरियल वायर त्यात शिरायची, दुसऱ्या अंगानं नेटवर्कची वायर निघून गोदामाच्या पार पलीकडच्या टोकाला, ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत जायची. काट्याची बोली जुनी, कॉम्प्युटरची नवी, आणि दोघांमधला दुभाषी हा डबा. काट्यापाशी बटण दाबलं की वजन तिकडं पडद्यावर उमटायचं. सांगायला काम एवढंच होतं. पण तुळजापुराहून तेरच्या शेतकरी कंपनीत आल्यावर तिला कळलं, की तिच्याआधी जोडणीला आलेला माणूस हे एवढंसं काम अर्धवट टाकून पळाला होता.

पहिल्यांदा वायर जोडली तेव्हा पडद्यावर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं आली. ऑफिसात बसणारी शिवांजली डोकं खाजवत म्हणाली, "ताई, हे कानडी हाय का?"

"कानडी असतं तर कुणीतरी वाचलं असतं," भैरवी म्हणाली.

काटा एका वेगानं बोलत होता आणि डबा दुसऱ्याच वेगानं ऐकत होता. तिनं डब्याचा वेग काट्याएवढा केला, त्याला नेटवर्कवरचा पत्ता दिला, आणि चौकटींच्या जागी स्वच्छ आकडे उभे राहिले. ती खूश झाली. दुपारच्या एस.टी.नं घरी जायचं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

मग सोयाबीनची खरेदी सुरू झाली आणि सगळं बिनसलं.

प्रत्येक शेतकऱ्याचं एक पोतं कमी भरू लागलं. थप्पीला पोती पुरी आणि पडद्यावर एक कमी. तेही नेमकं पहिलंच. दुसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी वजनं ओळीनं यायची, पहिलं तेवढं गायब. लोक ऑफिसच्या दारात जमले, आवाज चढले, आणि शेतकरी कंपनीचे अध्यक्ष अमरसिंह मोटरसायकलवरून तावातावानं आले.

"ताई, मला वायरी कळत न्हाईत," ते म्हणाले. "उद्यापर्यंत एक सांगा. डबा खोटा, का माणूस खोटा? डबा खोटा असंल तर घिऊन जावा. माणूस खोटा असंल तर त्याला घरी बसवतो."

माणूस म्हणजे दगडोबा. पंचक्रोशीत त्यांना नावानं कमी आणि मापाडी म्हणूनच जास्त ओळखत. दगडकाट्यापासून ते तोलत आले होते. त्यांनी तोंडानं वजन सांगितलं की घेणारा आणि देणारा दोघंही मान हलवत. डबा आणायचं ठरलं त्या बैठकीत ते भरसभेत बोलून गेले होते, "यंत्राला काय कळतंय मापातलं?" तेवढं एक वाक्य अमरसिंहांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. म्हातारा मुद्दाम खोडा घालतोय, असा त्यांचा पक्का समज झाला होता.

भैरवीला खरं तर या भांडणात पडायचं नव्हतं. तिला डबा लावायचा होता. तिनं काट्यावर एक पोतं ठेवून स्वतः बटण दाबलं, वजन आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. मग तिला वाटलं, डबा मधल्या वेळात पेंगत असेल. अशा डब्यांची ती खोडच असते. बराच वेळ कुणी बोललं नाही की जोडणी सोडून देतात आणि मग पहिला शब्द हवेत जातो. तिनं ती खोड बंद केली, चांगला लांबलचक चहा घेतला आणि येऊन बटण दाबलं. पहिलंच वजन टुणकन पडद्यावर आलं. पण त्यानंतर आलेल्या शेतकऱ्याचं पहिलं पोतं पुन्हा गायबच.

डबा खरा होता. म्हणजे उरला माणूस. तिला ते बरं वाटलं नाही.

"आबा, बटण दाबता ना तुम्ही?" तिनं दगडोबांना विचारलं.

"दाबतो की."

"प्रत्येक पोत्याला?"

"पर्तेक. इचारा कुनालाबी."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याच्या तोंडावर असतं तसलं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं, आणि त्यामुळंच भैरवीची चिडचिड वाढली. आतापर्यंत ती, शिवांजली, अध्यक्ष, सगळे पडद्यासमोर उभे राहून पडद्याकडं पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात गेलीच नाही. सरळ काट्यापाशी रिकाम्या बारदानावर बसून राहिली.

नवा शेतकरी आला. हमालांनी पहिलं पोतं काट्यावर टाकलं. दगडोबांनी आकडा ठरेपर्यंत वाट पाहिली, मग दोन्ही हात जोडले, काट्याला वाकून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ!" पाठोपाठ वजन सांगितलं. हमालांनी पोतं उचललं. दुसरं पोतं आलं. दगडोबांचं बोट बटणावर गेलं. "दोन!"

पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. ही रीत भैरवीच्या कानावरून गेलेली होती, पण तिच्या घरी धान्य दुकानातून पिशवीबंद येई. लाभ म्हणजे काहीतरी शुभ बोलतात, एवढंच तिला माहीत. आणि हात जोडलेले असल्यावर बटण दाबणार कोण? तिला हसू फुटलं आणि लगेच अध्यक्षांचं 'घरी बसवतो' आठवलं.

तो शेतकरी गेल्यावर तिनं दगडोबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना पटेना. मग पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. हात जोडलेले होते आणि बटण न दाबता तसंच राहिलेलं होतं. हमाल खोळंबले.

"म्हंजी," ते हळू आवाजात म्हणाले, "लोकांचं पोतं म्याच खाल्लं?"

"कुणी खाल्लं नाही, आबा. पोती थप्पीला आहेत, आपण परत तोलू. फक्त आधी बटण दाबत जा, मग हात जोडा."

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण पोतं आलं की हात आधी जुळायचे. बटणाची आठवण होईपर्यंत हमाल पोतं उचलून चालू लागलेले असायचे, आणि पडद्यावर शून्य उमटायचं. शिवांजली तिकडून ओरडायची, "शून्य आला!" त्या ओरडण्यानं म्हातारा आणखी गडबडायचा.

"पायानं दाबायचं बटण देऊ का?"

"लक्ष्मीला पाय लावू व्हय?" दगडोबा एवढे दुखावले, की भैरवीनं तो विषय तिथंच सोडला.

तिनं लॅपटॉप उघडला. डब्याच्या सेटिंगमध्ये एक सोपा पर्याय होता. वजन ठरलं की डबा आपण होऊन ते उचलणार, बटण नको, दाबणारा नको. एक खूण केली की संपलं. ती खूण करायला गेली आणि थांबली. दाबणारा नको म्हटल्यावर अध्यक्ष पुढं काय म्हणतील, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. डबाही खरा, माणूसही खरा, आणि तरी घरी जायचं ते माणसानं. तिला स्वतःच्याच डब्याचा राग आला. तिनं ते पान बंद केलं आणि उठून स्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेली.

तिथून दारावरच्या बेलचं साधं बटण आणि दोन तारा आणल्या. काट्याला हात लावायची सोय नव्हती, त्यावर वजनमापवाल्यांचं सील होतं. पण डब्याला एक रिकामी जागा होती. तिथं तारा जोडल्या की बटण दाबताच डबाच काट्याला वजन विचारायचा. एवढं जुळवून तिनं ते बटण दगडोबांच्या तळहातावर ठेवलं.

"आबा, हे हातात असू द्या. बाकी तुमचं नेहमीसारखं."

तेवढ्यात अमरसिंह आले. डबा का माणूस, ते त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं. भैरवी त्यांना घेऊन ऑफिसात गेली आणि पडद्यासमोर उभं करून म्हणाली, "तुम्हीच बघा."

नव्या शेतकऱ्याचं पोतं काट्यावर आलं. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला दगडोबांनी आकडा ठरू दिला, बटण मधे धरून दोन्ही तळहात जोडले, आणि वाकले.

पडद्यावर पहिल्या ओळीत वजन उमटलं.

"एक आला!" अमरसिंह ओरडले. दारात येऊन पुन्हा ओरडले, "दगडोबा, एक आला!"

दगडोबांनी जोडलेले हात सोडले नाहीत. तिथूनच ते म्हणाले, "एक न्हाय, अध्यक्ष."

अमरसिंहांनी भैरवीकडं पाहिलं, मग दूरवर वाकलेल्या त्या म्हाताऱ्याकडं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"लाभ आला," ते म्हणाले. "चुकलं माझं. लाभ आला."