प्रल्हादकाकांची पाच मिनिटं

जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी म्हणतात. मी जनाची बाळगायला गेले आणि मनाची घालवून बसले. सांगूनच टाकते एकदा.

बनारसच्या आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीतून चालते. मराठी ख्रिस्ती घरं इथं सात. त्यांची वेगळी उपासना महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आणि तिची सेक्रेटरी मी, लतिका. नवरा रेल्वेत, माहेर नगरचं, तोंड फाटकं. उपदेशाआधी कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार माणसांत सांगायचं, अशी आमची रीत.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी प्रल्हादकाका भिंगारदिवे घरी आले. तीस वर्षं महारोग्यांच्या दवाखान्यात जखमा धुतलेला माणूस, रिटायर होऊनही इथंच राहिलेला. घसा कधीपासून बसला होता.

"लतिकाबाई, पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार. मग बोलणं संपलं. या रविवारी साक्षीला मला पाच मिनिटं द्या. आजवर कधी धीरच झाला नाही बघा."

"पाच काय, दहा घ्या काका," मी म्हटलं आणि डोळे पुसले. खरंच पुसले हो.

गुरुवारी कळलं, उल्हास बनारसला आलाय. मालिकेतला तो इन्स्पेक्टर, घरोघरी ओळखीचा. अकरा महिन्यांपूर्वी त्यानं मुलाखतीत सांगून टाकलं होतं की, मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवलाय. भोसले घाटावर शूटिंग चाललं होतं. मी तिथं जाऊन त्याला गाठलं, रविवारी साक्ष द्यायला या म्हटलं. बिचारा लगेच हो म्हणाला. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

पहिला फोन केला तो पंचगंगा घाटाच्या गल्लीतल्या शरदिनीताईंना. त्यांचं घराणं पाच पिढ्या काशीतलं, इथल्या मराठी मंडळींत त्यांच्या शब्दाला वजन. "तुमच्यात येतं कोण हो? दवाखान्यातलेच लोक ना?" असं त्यांनी मागे हसत हसत विचारलं होतं. ते माझ्या काळजात रुतून बसलं होतं. आता म्हटलं, या आणि बघा आमच्यात कोण येतं ते!

कार्यक्रम लिहायला बसले आणि काकांची पाच मिनिटं कापली. उल्हासला वेळ पुरायला हवा, असं सगळ्यांना सांगितलं. झूठ. तो घोगरा आवाज, मधेच येणारा खोकला, जखमांच्या गोष्टी, हे शरदिनीताईंपुढे नको होतं मला.

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून लवकर आले होते. हातात घडी केलेला कागद.

"काका, आज फार गर्दी होणार. तुम्ही जरा फाटकावर थांबता का? तुमचं आपण पुढच्या..." मी जीभ चावली. पुढच्या वेळी कुठला आवाज?

"बरं," काका म्हणाले. कागद खिशात ठेवून फाटकावर जाऊन उभे राहिले.

चर्चच्या अंगणात दोनशे माणसं जमली. सगळ्यांचे मोबाइल वर. उल्हास माइक घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मला अकराच महिने झालेत. संवाद दुसरे लिहून देतात, मी म्हणतो. इथं मात्र मला अजून स्वतःचं काही सांगता येत नाही. तुमच्यातलं कुणी जुनं माणूस बोलेल का? मला ऐकायचंय."

सातही घरांतल्या माना फाटकाकडे वळल्या. काकांनी खिशातला कागद काढला आणि एक पाऊल आत टाकलं.

आणि मी उल्हासच्या हातातला माइक घेतला! "अगं बाई, किती हा नम्रपणा! टाळ्या होऊन जाऊ द्या! चला, आता फोटो!"

लोक उठून पुढे धावले. काकांनी त्यांना वाट करून दिली.

शरदिनीताईंनी आपला फोटो बघितला, "मेरी आँखें तो बंद आ गईं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर आमच्याकडे काही आल्या नाहीत.

आठवडाभर आमच्यातलेच लोक म्हणत होते, नटांना बोलवूच नये, त्यांना धर्मातलं काय कळतं. मी मान डोलवत होते. वा गं सेक्रेटरी! त्या पोरानं तर आपली जागा सोडून दिली होती.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी दवाखान्यात गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते, तोंडातून निघालं काय, तर "संत्री आणलीत." काकांच्या गळ्याला पट्ट्या होत्या. त्यांनी उशाखालून तोच कागद काढला, कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, 'तुम्ही वाचा,' आणि माझ्या हातात दिला. आधी उघडून बघायचा मला धीर झाला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही एकवीस जण होतो. काका गळ्याला मफलर गुंडाळून पहिल्या बाकावर. मी वाचायला लागले.

"मी पगारासाठी जखमा धूत होतो. घरी येऊन हात तीनदा साबणानं घासायचो. एक म्हातारी होती, घरच्यांनी घाटावर सोडून दिलेली. एकदा पट्टी बांधून झाल्यावर तिनं माझ्या हाताकडे बघून विचारलं, भइया, छू लें? त्या दिवशी मी हात घासले नाहीत. त्या दिवसापासून मी ख्रिस्ती आहे, त्याआधी नुसता नावाचा होतो."

काकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. सगळं तोंडपाठ होतं त्यांना.

मग शेवटची ओळ आली. "ही साक्ष द्यायला लतिकाबाईंनी मला वेळ दिला. त्यांनी हो म्हटलं नसतं तर मी उभाच राहिलो नसतो. देव त्यांचं भलं करो."

ही ओळ मी वाचली नाही. कागदाची घडी घातली आणि "आमेन" म्हटलं. सगळ्यांनी "आमेन" म्हणून डोळे मिटले.

काकांचे ओठ मात्र थांबले नव्हते. आवाज नसलेल्या तोंडानं, एकही शब्द न गाळता, ते माझे आभार मानत होते. मी एकटीच ते बघत उभी होते.