लंगड्याला पाय

सासूबाईंना ती पूड सुनेनेच सुरू केली होती. त्यांचं पोट सारखं बिघडायचं आणि सून पोटाला मानवणाऱ्या जिवाणूंची पूड करणाऱ्या कारखान्यात तपासनीस. ‘घरचा वैद्य’ असं सासूबाई शेजारणींना सांगत आणि लगेच जोडत, ‘भाजीतलं मीठ तेवढं कळत नाही.’

पुडीतल्या जिवाणूत जनुकांचं एक छोटं सुटं कडं होतं, म्हणजे प्लास्मिड. त्यावर जंतूंवरचं एक भारी औषध निकामी करणारं जनुक बसलेलं. पण एका जिवाणूतून दुसऱ्यात जायला कड्याकडे स्वतःचा पूल नव्हता, म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नाव लंगडा. खात्रीसाठी सुनेने रिवाजाप्रमाणे त्याला शेजारी दिला तो प्रयोगशाळेतला जिवाणू, पोटात एकही कडं नसलेला, धुतल्या तांदळासारखा. लंगडा जागचा हलला नाही. तिने पूड पास केली.

आता मूत्रमार्गाच्या संसर्गाने सासूबाई रुग्णालयात होत्या आणि नेमकं तेच औषध लागू पडत नव्हतं. सुनेने त्यांच्या लघवीतला जंतू मागून आणला, तपासला. आत लंगडा होता. सोबत एक दांडगं कडं, स्वतः पूल बांधून गावभर हिंडणारं. माणसाच्या आतड्यात असली कडी पैशाला पासरी; चाचणीतल्या धुतल्या शेजाऱ्याकडे मात्र एकही नव्हतं. ते पुडीतल्या जिवाणूकडे पाहुणं आलं आणि त्याच्या पुलावरून लंगडा आयता या जंतूत पार झाला.

हे तिने कारखान्यातल्या साहेबांच्या कानावर घातलं. तो जंतू रुग्णालयातच लागला नसेल कशावरून, असं साहेबांनी विचारलं. मग शांतपणे म्हणाले, “चाचणी तुमची, सही तुमची. बोंब कुणाच्या नावाने मारणार?” खाली डबे भरणं चालूच होतं.

ती रुग्णालयात पोचली तेव्हा दुसरं औषध सुरू झालं होतं. त्याने मूत्रपिंडं जाऊ शकतात, असं डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं होतं. तो आईचे सुजलेले पाय चेपत बसला होता. सांगायचं तर आत्ताच, असं तिने जिन्यात ठरवलं होतं.

“पूड आणलीस?” सासूबाईंनी विचारलं. “त्यानेच बरं वाटतं मला.”

“ती आता बंद करायची, आई.”

“का गं?”

नवऱ्याने मान वर केली. ती पाण्याचा तांब्या झाकत राहिली.

“संपली,” ती म्हणाली.

सासूबाई भिंतीकडे वळल्या. “कारखानाभर पूड, आणि माझ्याच वेळी बरी संपली.”