संत न्हाव्याच्या दुकानात

निन्फाचं आणि तिच्या हातांचं कधीच पटलं नाही. नऊ वर्षांची घोडी, पण चमचा तोंडाऐवजी कानाकडे जायचा.

त्या दिवशी शहरातून डॉक्टर फाव्हारा तिला तपासायला घरी आले. त्यांनी टेबलावर चाचणी मांडली: तीन दांड्या, तीन रंगीत चकत्या. कमीत कमी चालींत चकत्यांचा मनोरा एका दांडीवरून दुसरीवर हलवायचा. निन्फाने सगळ्या चाली मनात केव्हाच खेळून टाकल्या. हातांनी मात्र एक चकती कॉफीत बुडवली, दुसरी फ्रिजखाली धाडली.

"हिला पुढचा विचारच करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "वेगळ्या वर्गात घाला."

"अहो, डोकं शाबूत आहे तिचं!" आई कळवळली.

निन्फाला रडूच आलं. त्या वर्गात दिवसभर मणी ओवायचे, आणि मणी तर तिचे जन्माचे वैरी.

तेवढ्यात खाली ढोल थांबला. गावच्या संताची, सान रोक्कोची मिरवणूक अरुंद गल्लीत अडकली होती. पुढे वळणावर डॉक्टरांनीच लावलेली गाडी, मग चाळीस जणांच्या खांद्यावर संताची मूर्ती, मागे बँड, त्यामागे कलिंगडांचा टेम्पो. मागे सरायला कोणी तयार नाही.

निन्फा बाल्कनीत धावली. "टेम्पो तेलघाण्याच्या अंगणात घे! बँडवाले, जिन्यावर चढा! संताला न्हाव्याच्या दुकानात न्या, म्हणजे डॉक्टरांची गाडी मागून निघेल!"

"संत? न्हाव्याकडे?" पाद्रीबाबा किंचाळले.

"दाढी आहेच की त्यांना!"

दुसरा उपाय कोणाकडे होता? संत आरशासमोर टेकले. शेजारच्या खुर्चीतल्या अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने फेसासकट छातीवर क्रूस काढला. डॉक्टर गाडी काढून घामाघूम होऊन वर आले.

"पण हे तिनं तोंडानं केलं," ते म्हणाले. "चाचणीच्या नियमात हात आहेत."

"मग आल्फ्योकाका?" निन्फा उसळली. आल्फ्यो मिरवणुकीचा म्होरक्या. त्याने घंटा वाजवायची, चाळिसांनी उचलायचं. जन्मात त्याने संताला बोट लावलं नव्हतं. "त्यांनाही बसवा मणी ओवायला!"

गल्ली खदखदून हसली. आल्फ्यो धापा टाकत वर आला आणि त्याने तिच्या हातात घंटा ठेवली. "घे पोरी. आज तू."

घंटा निसटली, कठड्यावरून गेली आणि खाली फरशीवर ठणकन वाजली.

"बघा, पाडलीच!" डॉक्टर ओरडले.

खाली चाळीस जणांनी एका दमात संत उचलला.

डॉक्टर कठड्यापासून वळले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी फ्रिजखालची चकती काढली, कॉफीतली पुसली आणि सगळा मनोरा स्वतःपुढे ओढला.

"बोल," ते म्हणाले. "पहिली कुठं ठेवू?"