‘रन’च्या चिठ्ठ्या

गुरूची चूक शिष्याला सापडली, तर ती दाखवावी की झाकावी, याचे उत्तर कोणत्याही शास्त्राने निःशंकपणे दिलेले नाही. आणि ज्याला ती सापडते, त्याला त्या दिवशी घास गोड लागत नाही.

शब्दकोशाच्या सहसंपादकांनी नववी चिठ्ठी आधीच्या आठांशेजारी ठेवली आणि चष्मा काढून डोळे चोळले. नऊही चिठ्ठ्यांवर ‘रन’ या इंग्रजी शब्दाचा एकच अर्थ होता : नळाचे पाणी करते, तो. अक्षर कोशाचे प्रमुख संपादक असलेल्या सरांचेच. पहिलीवर ‘द्रवाचे अखंड प्रवाहित होणे’, चौथीवर ‘वाहत राहणे’, नववीवर कापऱ्या अक्षरात नुसते ‘वाहणे’. प्रत्येकीला नवा क्रमांक.

या एका शब्दावर सरांनी अकरा वर्षे वेचली होती. माणूस धावतो, यंत्र चालते, रस्ता नदीपर्यंत जातो, धुतल्या कापडाचा रंग जातो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. एवढ्या सगळ्यांचा भार हा तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द उचलतो, असे ते कौतुकाने म्हणत. शेवटच्या चिठ्ठीचा क्रमांक एकशे बारा होता. सहसंपादकांनी तीन दिवस जुळवाजुळव केली, तेव्हा अर्थ भरले एकोणसत्तर. बाकीचे, लिहिल्याचे आठवले नाही म्हणून पुन्हा लिहिलेले.

शब्द छापखान्यात जाण्यापूर्वी, ज्याने तो सिद्ध केला त्याने अर्थांच्या संख्येखाली सही करायची, ही कार्यालयाची रीत. सहसंपादकांनी दोन कागद तयार केले. एकावर एकशे बारा, दुसऱ्यावर एकोणसत्तर. पहिल्यावर सही घ्यायची आणि छापायचा दुसरा, असे त्यांनी जड मनाने ठरवले. सरांच्या हयातीत कोश बाहेर पडेलच असे कुठे होते?

दार सरांच्या मुलीने उघडले.

“या काका. सकाळपासून तीनदा विचारून झालं, ‘तो आला का?’ तुमच्या त्या ‘रन’नं जीव खाल्लाय आमचा. परवा म्हटलं, बाबा, नाक वाहतंय, पुसा. तर म्हणे, थांब, हा अर्थ घ्यायचा राहिलाच!”

सहसंपादक हसले, पण ते हसू ओठांवरच विरले. त्या नाकाच्या चार चिठ्ठ्या त्यांच्या पिशवीत होत्या.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर पांघरूण, हाती पेन.

“आण कागद,” ते म्हणाले.

सहसंपादकांनी पहिला कागद अर्धा बाहेर काढला. सरांनी टोपण उघडले.

“वाचणार नाही का, सर?”

“आता दिसतंय कुठे? तू वाचलंयस ना? मग झालं.”

चाळीस वर्षांत सरांनी न वाचता कशावरही सही केली नव्हती. सहसंपादकांचा हात थबकला. त्यांनी तो कागद पिशवीत परत सरकवला आणि दुसरा काढला.

“एकोणसत्तर आहेत, सर.”

“एकशे बारा होते.”

“काही पुन्हा पुन्हा आले होते. नळाचा अर्थ नऊ वेळा.”

मुलगी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली.

“नऊ वेळा,” सर म्हणाले. “माझ्याच हातच्या चिठ्ठ्या?”

“हो, सर.”

सरांनी आपली बोटे उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी पाठ हळूच खुर्चीला टेकवली आणि इतका वेळ ताठ धरलेले खांदे खाली आले.

“म्हणजे संपतो तो!”

“काय, सर?”

“शब्द रे. मला वाटायचं, याला तळच नाही. एक लिहावा, तर दुसरा पुढ्यात हजर. दोन वर्षं हीच धास्ती, की ही धोंड तुझ्या गळ्यात अडकवून मी जाणार.” ते थोडेसे हसले. “एकोणसत्तर! मोजून होतात की!”

सहसंपादकांनी बोटाने जागा दाखवली. सही वाकडी आली, पण पुरी आली. टोपण लावण्याआधीच सरांचे डोळे मिटले.

मुलीने हलकेच पेन काढून घेतले.

“दुपारचे कधी झोपत नाहीत हो,” ती कुजबुजली.

सहसंपादक लगेच उठले नाहीत. फार दिवसांनी त्यांनाही कोठे जायची घाई नव्हती.

ज्यांचे काम पुरे झाले, आणि ते पुरे झाल्याचे ज्यांनी धीर करून सांगितले, त्या सर्वांना अशीच निर्भय झोप लाभो.