डाव्या चाकाची टकटक

मित्रांनो, मढ गावात धरणाच्या पाण्याकडे तोंड करून एक जुनी पांढरी गाडी उभी असते. ती मी. दाराखाली मला गंज चढला आहे. तरी किल्ली फिरवली की मी सुरू होते आणि मला सगळे आठवते.

कारखान्यातले दिवस मी विसरले. गेणभाऊंच्या अंगणातला पहिला दिवस मात्र लक्षात आहे. चाकाखाली लिंबू ठेवायचे ते विसरले, तेव्हा त्यांच्या कारभारणीने, इंद्रायणीबाईंनी ते ठेवले. मग त्या माझ्या पुढच्या डाव्या सीटवर बसल्या आणि पुढची सगळी वर्षे तिथेच बसल्या. आम्ही जुन्नरच्या बाजाराला भाताची पोती नेली. लग्नाचे वऱ्हाड नेले. गेणभाऊंनी वेग वाढवला की इंद्रायणीबाई बोट वाकवून दारावर वाजवत. टक. म्हणजे हळू.

तेव्हा माझे कौतुक होते. पाहुणे म्हणत, "गेणभाऊ, गाडी लई मऊ चालती राव!" पावसाळा संपला की गेणभाऊ माझ्याखाली पोते अंथरून आडवे होत आणि एकेक सांधा हाताने हलवून बघत.

मग इंद्रायणीबाई आजारी पडल्या. पुण्याच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. त्या वर्षी माझ्याखाली कुणी वाकले नाही आणि त्याचा मला राग नाही. पण माझे पुढचे चाक एका लोखंडी गोळ्यावर वळते. तुमचा खांदा वाटीत बसतो, तसा तो गोळा वाटीत बसतो. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. डाव्या बाजूच्या गोळ्यावरचे रबर फाटले. भातखाचरातला चिखल आत गेला, ग्रीस वाहून गेले.

एका दुपारी पुण्याहून परत येताना इंद्रायणीबाई माझ्या डाव्या सीटवरच गेल्या. जुन्नरच्या पुढे, गावाकडच्या गणेशखिंडीत ते गेणभाऊंना कळले. ते थांबले नाहीत. घरापर्यंत हळूहळू चालवत राहिले आणि त्यांच्याशी बोलत राहिले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. लोक ताटकळले. शेवटी गेणभाऊ हात जोडून म्हणाले, "नूतनचं पयलं बाळातपण मी म्हायेरीच करीन. ह्याच गाडीतनं तिला आणीन. जा आता." नूतन ही त्यांची एकुलती लेक. ती खोडदला दिलेली. शब्द संपला आणि कावळा शिवला.

त्या दिवशी घाटावरून परतताना मी एका खड्ड्यात गेले आणि डावीकडून आवाज आला. टक.

गेणभाऊंनी मला जागीच थांबवले. रिकाम्या सीटकडे पाहिले. "आलीस व्हय?" एवढेच म्हणाले.

तेव्हापासून डाव्या सीटवर कुणाला बसू दिले नाही. प्रत्येक खड्ड्यात आवाज येई आणि ते वेग कमी करत. मी डावीकडे ओढू लागले, तर म्हणत, "वढू नको गं, चाललोय ना." गावातले लोक चालत जात, पण माझ्यात बसत नसत. आवाज माझ्या झिजलेल्या सांध्याचा होता, हे मला ठाऊक होते. पण मित्रांनो, खरे सांगते, कधी कधी सपाट रस्त्यावर, खड्डा नसतानाही ती सीट दबलेली वाटे. तेव्हा मलाही काही सांगता आले नसते.

नूतनला सातवा लागला. गेणभाऊ तिला आणायला निघाले. जुन्नरमध्ये हवा भरायला राजमहंमद मिस्त्रींच्या गॅरेजपुढे थांबले. मिस्त्री त्यांचे जुने दोस्त. त्यांनी डाव्या टायरवर हात फिरवला.

"गेणभाऊ, टायर आतनं खाल्लाय. जॅक लावू दे."

"हवा भर नि सोड. उगा धंदा काढू नको."

"धंदाच काढायचा असता तर तुझ्यासारखं गिऱ्हाईक धरलं असतं का? चहा बी माझाच पितोस." हसत त्यांनी जॅक लावला. चाक वरून-खालून धरून हलवले. टक. त्यांचे हसू गेले. "बॉल जॉइंट पार गेलाय. हे निखळलं तर चाक आडवं पडंल. खिंडीत झालं तर खाली दरीच हाय, भाऊ."

"ते चाक न्हाई. ती हाय." गेणभाऊ खाली बघत म्हणाले. "तू हे बदललंस तर ती बोलायची न्हाई."

मिस्त्रींनी जॅक खाली घेतला. मग म्हणाले, "बरं. वैनीच हायेत. मग इतकं दिस त्या काय म्हणत असतील? थांब म्हणत असतील. तू थांबलास का?"

मला घेऊन गेणभाऊ खोडदला गेले.

तिथे रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या पांढऱ्या तबकड्यांच्या पलीकडे नूतनचे घर. तिची पिशवी डिकीत ठेवली. गेणभाऊंनी मागचे दार उघडले. ती म्हणाली, "मागं पाय मुडपून बसवत न्हाई, आबा." आणि ती आईच्या सीटवर बसली. गेणभाऊंनी मागचे दार लावून घेतले.

नारायणगावच्या अलीकडे गतिरोधक आला. टक. नूतनने पोटावर हात ठेवला.

"आबा, पायाखाली काय वाजतंय? खालनं कुणी ठोकल्यागत."

"तुझी आई हाय, बाळा."

ती रडेल असे मला वाटले. ती चिडली. "आईला कशापायी लोखंडात कोंडता? सहा म्हैनं दुखण्यानं बांधून पडली व्हती ती. आता तरी सोडा की तिला!"

गेणभाऊंनी वेग कमी केला. अगदी बैलगाडीच्या चालीने आम्ही जुन्नरला आलो. खिंडीचा रस्ता सोडून गेणभाऊंनी मला गॅरेजपुढे उभे केले.

मिस्त्रींनी नवे सामान आणून ठेवले होते. "दोन्ही बाजू बदलतो. एक पाय नवा नि एक जुना बरा न्हाई," ते म्हणाले. नूतन आत मिस्त्रींच्या बायकोकडे, बिबिजान भाभींकडे जाऊन टेकली. जुना गोळा बाहेर आला तो चिंचोक्यासारखा वाटीत खुळखुळत होता. गेणभाऊंनी तो मागून घेतला आणि रुमालात बांधला.

गणेशखिंडीत खड्डे होते. मी प्रत्येक खड्ड्यातून गेले. आवाज आला नाही. गेणभाऊ दर वेळी कान देत आणि दर वेळी तिथे फक्त नूतनचा श्वास असे. इतकी शांतता मी कधी वाहिली नव्हती. ओझ्यापेक्षा ती जड होती.

धरणाच्या कडेला त्यांनी मला थांबवले. चपला काढून ते पाण्यात गुडघाभर उतरले. रुमाल सोडला, गोळा ओंजळीत धरला आणि अस्थी सोडतात तसा सोडला. नूतन काठावर उभी होती. परत आले तेव्हा ते ओले होते, डोळ्यांपासून पायांपर्यंत.

मित्रांनो, गाडी बोलू शकत नाही, ती वाजते. ती वाजली तर खाली वाका, चाक हलवा, रबर फाटले का पाहा, वेळेवर ग्रीस भरा. गेलेल्या माणसाला जीव लावा, पण त्याच्यासाठी सांधा झिजू देऊ नका. शेजारच्या सीटवर कुणीतरी जिवंत बसलेले असते.