चाक माझ्या जबड्यात होतं

मी जॅमर बोलतोय. हो, तोच पिवळा, लोखंडी, जबड्याचा. गाडी नको तिथे लावून तुम्ही 'दोन मिनिटांत' परत येता आणि चाकाला मिठी मारून बसलेला मी दिसतो. तेव्हा तुमच्या तोंडून जे शब्द निघतात, ते मला सगळे पाठ आहेत. इथे सांगत नाही.

एका वेल्डिंगच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ज्या कारागिराने मला जोडलं, त्याने माझा जबडा दोनदा उघडमीट करून पाहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "हा धरेल, पण सोडणार नाही." ते मी फार मनावर घेतलं. तिथून थेट पोलीस ठाण्याच्या गाडीत आलो.

माझ्या कामाची मला लाज वाटत नाही. दवाखान्याच्या फाटकात आडवी लावलेली गाडी धरताना माझी छाती फुगते. पण पुढे पुढे मी नियमासाठी कमी आणि आकड्यासाठी जास्त राबू लागलो. दिवसभरात किती पावत्या फाडल्या, ते साहेबांना संध्याकाळी वर कळवावं लागे. आकडा कमी पडतोय असं दिसलं की चोऱ्यांचा तपास करणारी माणसंही चौकात उभी राहत. चोर शोधायचा म्हणजे पायपीट, आणि हाती लागेलच याचा भरवसा नाही. उभी गाडी बिचारी कुठे पळते?

माझ्यासोबत दोघं असत. गाडी चालवणारे मामा, आणि ठाण्यात सगळ्यात नवी आलेली एक पोलीस शिपाई. नवी म्हणून तिचं नाव पडलं धाकटी.

एका सकाळी बाजारामागच्या गल्लीत आम्ही एक टेम्पो धरला. माल ताडपत्रीने झाकलेला. टेम्पोवाला धावत आला, तसा मी भांडणाच्या तयारीत बसलो. वाद न घालता दंड भरणारा माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता. कुणाचा मेहुणा मोठ्या हुद्द्यावर असतो, कुणाची आई आजारी असते, कुणाला पाटीच दिसलेली नसते. हा मात्र हसला. "चूक माझीच," म्हणाला आणि पाकीट काढलं.

मामा विरघळलेच. "बघ धाकटे, याला म्हणतात सज्जन माणूस!"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ताडपत्री एका बाजूने घसरत होती. तिचा दोर मामांनी स्वतःच्या हाताने आवळून दिला. मला काढताना ताडपत्रीखालून लोंबणारा एक धागा माझ्या बिजागरीत अडकला आणि तुटला. न भांडता पैसे देणारा हा माणूस मला खटकत होता. ओरडावंसं वाटलं, पण लोखंडाला आवाज कुठून येणार? टेम्पो निघून गेला.

त्याच दुपारी ठाण्याच्या दारासमोरच मला एका जुन्या छोट्या गाडीला लावलं. थोड्या वेळाने एक बाई ठाण्यातून बाहेर आली. ती आणि तिची नणंद मिळून शाळेची दप्तरं शिवत. आदल्या रात्री त्यांच्या खोलीचं कुलूप फोडून सगळी शिलाई मशिनं कुणीतरी उचलून नेली होती. चाकाकडे बघून ती जागीच थांबली.

"चोरी माझ्याकडे झाली, आणि बेडी माझ्याच गाडीला?"

"ताई, इथे गाडी लावायला बंदी आहे," मामा म्हणाले.

"तक्रार द्यायला आले होते हो! आत सांगतात, तपासाला माणूस नाही, उद्या या. आणि इथे एका चाकाला दोन-दोन माणसं?"

मामा आपल्या बुटांकडे बघू लागले. धाकटी मला सोडवायला वाकली. बाईही वाकली, आणि तिची नजर माझ्या बिजागरीवर खिळली.

"हा धागा कुठून आला?"

"असेल कशाचा तरी," मामा म्हणाले.

"कशाचा तरी नाही. लाल-पिवळ्याला एकत्र पीळ घालून मी दप्तराचे बंद शिवते, तुटू नयेत म्हणून. मशिनवर हाच चढवलेला होता."

धाकटीने मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा पांढराफटक. "अगं, सकाळच्या त्या टेम्पोचा दोर मीच बांधून दिला की गं!"

धाकटी तडक पायऱ्या चढून साहेबांकडे गेली. दार उघडंच होतं.

"साहेब, टेम्पोचा नंबर आपल्याकडे आहे. पत्ता निघेल. जाऊ का?"

"आणि आकडा? तो काय मी फाडू? तपासाचं तपासवाले बघतील."

"तपासवाले पुढच्या चौकात पावत्या फाडतायत, साहेब. तुम्हीच पाठवलंत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून त्यांना ती बाई दिसत होती. ठाण्याच्या पायरीवर बसली होती, हलायला तयार नव्हती.

"चौकातल्या तपासवाल्यांनाही उचल वाटेतून," साहेब म्हणाले. "जा."

टेम्पो एका गोदामासमोर उभा होता, अगदी नियमात. माल अजून तसाच, मामांची गाठही तशीच. धाकटीने आधी मला चाकाला लावलं, मग दार वाजवलं. सज्जन माणूस बाहेर आला, मला पाहिलं आणि हसून पाकीट काढलं.

"पुन्हा चुकलं का माझं? किती द्यायचे?"

"आज पैसे नकोत," धाकटी म्हणाली. "ताडपत्री काढ."

तो पळत टेम्पोत जाऊन बसला. इंजिन घुरघुरलं, टेम्पो हिसके मारू लागला. माझे दात चाकात रुतले. कारागिराचं बोलणं मी त्या दिवशी खरं करून दाखवलं. ताडपत्री मामांनीच सोडली. ती गाठ त्यांच्याशिवाय सुटणार कुणाला? एका मशिनच्या सुईत लाल-पिवळा धागा तसाच ओवलेला होता.

त्या संध्याकाळी आकडा कमी भरला. साहेबांनी तो कमीच कळवला, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

मी अजून त्याच गाडीत आहे. रंग उडालाय, जबडा शाबूत आहे. बिजागरीत धाग्याचं एक टोक राहिलंय. धाकटी ते काढू देत नाही. मला खुशाल लावा, दवाखान्यासमोर तर जरूर लावा. पण चाक धरून झालं की मान वर करून गाडीकडेही बघा. धरायला मी आहे. बघायला तुम्हीच लागता.